आरसा त्याचा, नळी माझी

फोन आला तेव्हा मी परसातल्या चौथऱ्यावर शेंगा वाळत घालत होतो. नंबर ओळखीचा नव्हता. पलीकडं एक मुलगी होती. रेवती दातार म्हणून तिनं नाव सांगितलं. पुण्याच्या कुठल्याशा आकाशनिरीक्षण मंडळातून बोलत होती.

"सुतार काका, तासगावात हातानं बनवलेली आठ इंची दुर्बीण आहे असं कळलं. ती तुमच्याकडे आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. "म्हणजे निम्मी आहे."

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "मी आत्ताच चौगुले काकांशी बोलले. तेही हेच म्हणाले."

भूपाल चौगुलेचं नाव माझ्या घरात साडेअकरा वर्षांत कुणी घेतलं नव्हतं. घ्यायला घरात होतं कोण म्हणा. शालन, माझी बायको, गेलेली. मुलगा भोसरीला कंपनीत. तो रविवारी फोन करणार आणि गोळ्या घेतल्या का एवढं विचारणार. मी त्या मुलीला सांगितलं, दोन निम्म्यांची बेरीज आता तुम्हीच करा, आणि फोन ठेवून दिला.

माझा स्वभावच तसा. आयटीआयमध्ये जन्मभर फिटरच्या पोरांना शिकवलं, त्यामुळं तोंड फटकळ झालं ते झालंच. पण पुण्याची माणसं चिवट. थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला, आणि या खेपेला तिनं मला मध्ये बोलूच दिलं नाही.

तिचं म्हणणं असं. नेपच्यूनच्याही पलीकडं बर्फाचा एक गोळा सूर्याभोवती फिरतो आहे. त्याला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. असेल तीनेकशे किलोमीटरचा. म्हणजे तासगावातून निघालं तर मुंबई यायच्या आत संपला. एक फेरी पुरी करायला त्याला पावणेतीनशे वर्षं लागतात. आजूबाजूला कुणी नाही, काळोख आणि गारठा, आणि सूर्य तिथून दिसतो तोसुद्धा टाचणीच्या टोकाएवढाच. आपल्यासारख्यांच्या दुर्बिणीतून तो गोळा कधीच दिसायचा नाही. पण येत्या गुरुवारी संध्याकाळी पावणेआठच्या सुमाराला तो एका ताऱ्याच्या बरोबर आड येणार होता. पिधान म्हणतात त्याला. दहा-बारा सेकंद तारा झाकला जाणार आणि मग परत दिसणार.

धारवाडपासून साताऱ्यापर्यंत ठिकठिकाणी माणसं बसणार होती. तारा कधी गेला आणि कधी आला, एवढंच प्रत्येकानं टिपायचं. त्या वेळा एकाखाली एक मांडल्या की गोळा केवढा आणि कसा आहे ते कळतं. त्याच्या सावलीचा मधला, सगळ्यात रुंद भाग आमच्या तालुक्यावरून जाणार होता, म्हणून तासगावची नोंद तिला काही करून हवी होती. लहान दुर्बिणीत तो तारा दिसत नव्हता. आमच्या भागात आठ इंची दुर्बीण एकच, आणि ती दोन घरांत.

"परत कधी येईल असा योग?" मी विचारलं.

"तुमच्या हयातीत नाही, काका," ती म्हणाली. "खरं सांगायचं तर माझ्याही नाही."

आता ती दोन घरांत का होती ते सांगायला हवं. भूपालचं बाजारपेठेत चष्म्याचं दुकान. हॅलेचा धूमकेतू येणार म्हणून पेपरात रोज काही ना काही यायचं, तेव्हा आमच्या दोघांच्या डोक्यात दुर्बिणीचं खूळ शिरलं. विकतची परवडणारी नव्हती. भूपालनं मुंबईच्या बाजारातून जहाजाच्या खिडकीची जाड काच आणली आणि आम्ही तिचा आरसा घासायला बसलो. बसलो कसलं, उभेच होतो. तेलाच्या रिकाम्या पिंपावर एक साधी काच ठेवायची, तिच्यावर घासायची पूड आणि पाणी घालून आरशाची काच फिरवायची आणि आपणही पिंपाभोवती फिरत राहायचं. एक दमला की दुसरा. दीड वर्ष आम्ही त्या पिंपाभोवती फिरलो. शालन म्हणायची, देवळाला एवढ्या प्रदक्षिणा घातल्या असत्या तर एव्हाना देव पावला असता. धूमकेतू येऊन निघूनही गेला, आमचा आरसा घासणं चालूच होतं.

नळी आणि स्टँड मी केलं. नळी पत्र्याची, स्टँडला जुन्या जीपचा हब. परसात सिमेंटचा चौथरा घातला. आरसा बसवून पहिल्यांदा शनीची कडी दिसली तेव्हा भूपाल डोळा लावून बसला तो उठेनाच. तो तसाच, बघण्याच्या बाबतीत हावरा. मी मागं उभा राहून वाट बघायची आणि शेवटी त्याची कॉलर धरून उठवायचं, हे ठरलेलं.

भूपाल जैन. सूर्य मावळल्यावर तो जेवायचा नाही, आणि आमचा उद्योग तर सूर्य मावळल्यावरचाच. म्हणून शालन दिवस बुडायच्या आत त्याचं ताट वाढायची. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. मी घाई केली की मला दटावायची, आधी त्यांना जेवू द्या, तुमच्या चांदण्या कुठं पळून जात नाहीत. पंधरा-सोळा वर्षं असं चाललं. तो माझ्या घरी माझ्या भावापेक्षा जास्त वेळा जेवला असेल.

मग दोन हजार चारचा जून उजाडला. शुक्र सूर्यावरून सरकताना दिसणार होता, शंभराहून जास्त वर्षांनी पहिल्यांदा. भूपालनं हायस्कूलच्या मैदानावर आमची दुर्बीण लावली, पांढऱ्या कागदावर सूर्य पाडला आणि सगळ्या गावाला बोलावलं. मी गेलो नव्हतो. शालन महिनाभर अंथरुणाला खिळलेली होती. त्या सकाळी, मैदानावर गर्दी जमत होती त्याच सुमाराला, ती गेली.

मी शेजारच्या बाबूला मैदानावर धाडलं, भूपालला घेऊन ये म्हणून. बाबू परत आला आणि निरोप दिला म्हणाला. पण बाबू हा असा माणूस की निम्म्या वाटेवर कुणी चहाला थांबवलं तर तिथूनच माघारी फिरणार आणि काम झालं म्हणून सांगणार. आम्ही भूपालसाठी थांबलो. दुपार कलली, बायका रडून थकल्या, भटजी घड्याळ बघायला लागले. शेवटी उचललं. खांदा देणाऱ्यांत भूपाल नव्हता. तो संध्याकाळी सरळ स्मशानात आला, शुक्र सूर्यावरून उतरल्यानंतर. तोवर चिता निम्मी जळाली होती.

तेराव्यानंतर मी पाना घेऊन त्याच्या घरी गेलो. मैदानावरून दुर्बीण त्याच्याच घरी गेली होती, ती खोलली आणि आरसा काढून त्याच्या टेबलावर ठेवला. आरसा तुझा, नळी माझी, एवढं म्हणालो आणि नळी-स्टँड हातगाड्यावर घालून भर बाजारातून घरी आणलं. लोक बघत होते. त्या दिवसापासून बोलणं बंद झालं. तो एका बाजूनं दिसला की मी रस्ता ओलांडायचो. गावात चष्म्याचं दुकान असून माझा नंबर तपासायला मी एसटीनं सांगलीला जायचो.

एक गोष्ट मी त्याला कधी विचारली नाही. निरोप मिळाला होता का? मिळाला नव्हता म्हणाला असता, तर मी एका निर्दोष माणसाला गावासमोर लाथाडलं असं झालं असतं. मिळाला होता म्हणाला असता, तर शालनचं एवढं जेवून तो तिच्यासाठी मैदानावरून उठला नाही, असं झालं असतं. दोन्हीपैकी एकही उत्तर मला सोसणारं नव्हतं. म्हणून विचारलंच नाही, आणि एकटा राहिलो.

तर रेवतीला मी म्हणालो, माझी नळी तयार आहे, त्याला आरसा पाठवून द्यायला सांगा. तिचा उलटा फोन आला. भूपालचं म्हणणं होतं की आरसा तो दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही, स्वतः घेऊन येईल. सातला आलं तर चालेल का, असं त्यानं विचारलं होतं.

"सातला येऊन काय करणार?" मी म्हणालो. "आरसा बसवून जुळवायला वेळ लागतो. साडेपाचला यायला सांगा."

फोन ठेवल्यावर माझ्या ध्यानात आलं की मी काय बोलून बसलो. सातला येणारा भूपाल घरून जेवून आला असता. साडेपाचला येणाऱ्याला मी जेवायला विचारायचं का नाही? पावणेतीनशे वर्षांची फेरी, नेपच्यूनच्या पलीकडचा गोळा, सगळं राहिलं बाजूला. गुरुवारपर्यंत मी नुसता त्या एका ताटाचा विचार करत होतो.

गुरुवारी दुपारी मी मुगाची आमटी केली, दोडक्याची भाजी केली, भाकरी थापल्या. स्वतःला सांगितलं, आपल्याला भूक लागतेच की. मग माळ्यावरून नळी उतरवली. ती शालनच्या एका इरकल साडीत गुंडाळलेली होती. दर दिवाळीला मी ती खाली काढून पुसायचो, खिळ्या-स्क्रूंना तेल द्यायचो आणि परत बांधून ठेवायचो. चौथऱ्यावरच्या शेंगा गोळा केल्या, जागा झाडली, स्टँड उभं केलं. नळीत आरशाची जागा तेवढी रिकामी होती, तीही फडक्यानं पुसून घेतली.

रिक्षा दारात थांबली. भूपाल उतरला तो पोटाशी पोळ्यांचा मोठा स्टीलचा डबा धरून. आरसा त्यात कापसात घालून आणला होता. इतकी वर्षं मी त्याला रस्त्याच्या पलीकडून बघत आलो होतो. जवळून बघितलं तेव्हा कळलं की तो म्हातारा झालाय. मान जरा हलत होती. दारातच उभा राहिला.

"आलोय," तो म्हणाला.

"दिसतंय," मी म्हणालो. "हात धू. दिवस बुडायला आलाय."

त्यानं पश्चिमेकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं नको म्हणतोय. पण त्यानं डबा कोनाड्याखाली नीट ठेवला, हात धुतले आणि पूर्वी बसायचा त्याच जागी भिंतीला पाठ लावून बसला. मी वाढलं. कांदा घातलेला नाही, असं मी सांगितलं. कळतंय, तो म्हणाला. दुसरी भाकरी मोडताना त्याचा हात थांबला. भिंतीवर शालनचा फोटो होता, तिकडं त्यानं मान केली नाही, नुसता ताटाकडं बघत राहिला. मग खाली मान घालून सगळं संपवलं आणि ताटात पाणी घालून ते पिऊन टाकलं, तो नेहमी प्यायचा तसं.

हे सांगतोय तेव्हा भूपालही राहिलेला नाही. दिवस कलायला लागला की घर खायला उठतं. सरळच सांगतो, मला संध्याकाळी एकट्यानं जेवायला बसवत नाही, म्हणून मी उशिरापर्यंत तसाच बसून राहतो.

जेवण झाल्यावर त्यानं डबा उघडला. आरसा लखलखत होता. आरशाच्या काचेवरचा अकरा वर्षांचा मुलामा असा राहत नाही, तो काळपट पडतो, हे मला माहीत होतं.

"नवा मुलामा दिसतोय," मी म्हणालो.

"गेल्या साली पुण्याला पाठवून करून घेतला."

"कशाला? नळी तर माझ्याकडं."

"आरशाला काय ठाऊक ते," भूपाल म्हणाला.

आम्ही आरसा नळीच्या बुडाशी बसवला. आता असं असतं की आरसा नुसता बसवून भागत नाही, तो नळीशी नेमका जुळवावा लागतो. एकानं वरच्या अंगानं भिंगाच्या भोकातून आत बघायचं आणि दुसऱ्यानं बुडाचे तीन स्क्रू फिरवायचे. बघणाऱ्याला स्क्रू फिरवता येत नाहीत आणि फिरवणाऱ्याला काही दिसत नाही. म्हणजे बोलल्याशिवाय हे काम होतच नाही. मी वर उभा राहिलो, तो खाली उकिडवा बसला. उजवा, मी म्हणायचो. थोडा. जास्त झाला, माघारी. आता खालचा. तो हूं म्हणायचा आणि फिरवायचा. हळूहळू असं व्हायला लागलं की मी म्हणायच्या आत त्याचा हात योग्य स्क्रूवर जायचा. अंधार पडेपर्यंत आमचं एवढंच बोलणं झालं.

चांदण्या निघाल्या. डिसेंबरातलं आभाळ, ढगाचा ठिपका नाही. मी बाजूला सरकलो आणि स्टूल त्याच्याकडं ढकललं. हावरा माणूस, आता बसेल आणि उठायचा नाही, असं मी धरूनच चाललो होतो. पण तो बसला नाही.

"डोळ्याला तू बस," तो म्हणाला. "घड्याळ मी धरतो."

मला रागच आला. ज्या माणसाला कॉलर धरून उठवावं लागायचं तो आज आपण होऊन मागं सरतोय, म्हणजे हा माझ्यावर उपकार करतोय की काय? मला त्याचा उपकार नको होता. पण वाद घालायचा तर बोलावं लागलं असतं. मी स्टूल ओढलं आणि बसलो.

रेवतीनं नकाशा पाठवला होता. अश्विनीच्या ठळक ताऱ्यापासून खाली उतरत उतरत मी तो तारा गाठला. दोन बऱ्या ताऱ्यांच्या मध्ये बारीकसा, नजर थोडी ढिली सोडली की नीट दिसणारा. तिनं फोनवरून नेमक्या वेळेचा इशारा दिला आणि भूपालनं स्टॉपवॉच सुरू केलं. काम सोपं होतं. तारा गेला की मी हां म्हणायचं आणि त्यानं बटण दाबायचं. परत आला की परत हां, परत बटण. आणि काही झालं तरी डोळा उचलायचा नाही, असं तिनं मला बजावून बजावून सांगितलं होतं.

मी डोळा लावून बसलो. तारा सरकायचा तसतसं नळीला बोटानं हळूच ढकलायचं, एवढीच हालचाल. पाठीत कळ येत होती. मागं भूपालचा श्वास ऐकू येत होता. मी त्या गोळ्याचा विचार करत होतो. आपण इथं जन्मलो, शिकलो, लग्नं केली, माणसं पोचवली, आणि तेवढ्या वेळात त्याची पाव फेरीसुद्धा झालेली नाही. कुणाशी गाठ नाही, कुणाचा शब्द नाही. मला त्याची दया आली. त्याची कसली, माझीच आली असेल.

आणि तारा गेला.

मंद झाला नाही, थरथरला नाही. होता आणि नव्हता. बाजूचे दोन तारे होते तिथंच, मधली जागा काळी.

"हां," मी म्हणालो. मागं बटण वाजलं.

त्या काळ्या जागेकडं बघताना मला एकदम भरून आलं. जे कधीच दिसायचं नाही ते मला दिसत होतं, आणि ज्याच्याबरोबर दीड वर्ष पिंपाभोवती फिरलो तो माणूस हातभर अंतरावर पाठीमागं उभा राहून घड्याळ बघत होता. असलं काही एकट्यानं बघून काय करायचं? कुणाला सांगायचं? मी डोळा उचलला, उठलो आणि त्याचं मनगट धरलं.

"ये, बघ. आता परत येईल. तू बघ."

"नको."

"अरे सेकंद हायत नुसती. बस."

"नको, धोंडीराम." त्यानं मनगट सोडवून घेतलं नाही, पण पाय रोवून उभा राहिला. "मला निरोप मिळाला होता."

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"बाबू आला होता. वहिनी गेल्या म्हणाला. शुक्र नुकता आत शिरलेला. म्हटलं, एवढं बघतो आन् पळतो. मग जरा आणखी, मग जरा आणखी. बघतच राहिलो. त्यानंतर मी मान वर करून आभाळाकडं बघितलेलं न्हाई."

ज्या उत्तराला मी इतकी वर्षं भीत होतो ते हेच. ऐकल्यावर त्याला ढकलून देईन, थोबाडीत मारीन, असं मी अंथरुणावर पडल्या पडल्या किती वेळा मनात घोळवलं असेल. पण त्याचं मनगट माझ्या हातात होतं आणि मला ते सोडवेना. आणि मला उमगलं की त्यानं नवीन काहीच सांगितलं नव्हतं. सगळं बाबूच्या अंगावर ढकलून मी स्वतःला संशयाचा आडोसा तेवढा करून ठेवला होता.

"ठाऊक हाय मला," मी म्हणालो.

"कधीपास्नं?"

"पहिल्यापास्नं."

"मग जेवायला का घातलंस?"

काय सांगणार त्याला? त्या ताटासाठी किती जीव खालीवर झाला होता माझा. खरं होतं ते सांगून टाकलं.

"रात्रीचं खात न्हाईस तू. उपाशी ऱ्हायला असतास."

भूपाल चौथऱ्याच्या कडेवर मटकन बसला. तोंडावर हात घेऊन रडायला लागला, मोठ्यानं, म्हाताऱ्या माणसानं रडू नये तसा. मी त्याच्या शेजारी बसलो. मला शालनच्या वेळी रडू आलं नव्हतं, ते आत्ता आलं. त्याच्या हातात स्टॉपवॉच चालूच होतं.

बऱ्याच वेळानं मी उठून भिंगाला डोळा लावला. तारा सरकून पार कडेला गेला होता. मी नळी थोडी ढकलून त्याला मधोमध आणलं. दोन ताऱ्यांच्या मध्ये, जिथला तिथं.

फोन वाजला. रेवतीचा आवाज नुसता नाचत होता. बेळगावची नोंद मिळाली, साताऱ्याची मिळाली, धारवाडची अगदी कडेची मिळाली. आता फक्त मधली, आपली, सगळ्यात महत्त्वाची. तारा कधी गेला? भूपालनं नाक पुसलं आणि घड्याळात अडकलेली वेळ आकडा आकडा सुटा करून सांगितली. ती पलीकडं लिहून घेत होती. वा काका, म्हणाली, आणि परत कधी आला?

भूपालनं माझ्याकडं बघितलं. मी फोन त्याच्या हातातून घेतला.

"ते बघायचं राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं?" तिचा आवाज एकदम उतरला. "म्हणजे ढग आला का, काका?"

"नाही. आभाळ स्वच्छ आहे."

"मग दुर्बीण हलली?"

"दुर्बीण चांगली आहे," मी म्हणालो. "आम्ही बोलत होतो."